आधी तेल, मग कुंकू

गेल्या वर्षीच्या दसऱ्याचा एक फोटो आपल्या मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर बहुतेकांनी पाहिला असेल. लाल मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टर, त्याच्या मागे जोडलेला गवत कापायचा टॉपर, दोघांना बेलग्रेव्ह रोडवरून आणलेल्या झेंडूच्या माळा, बॉनेटवर हळदकुंकवाची बोटं आणि शेजारी झब्बा घालून उभा असलेला मी. लेस्टरमध्ये खंडेनवमी! फोटोला भरपूर अंगठे मिळाले. तोच फोटो मी गावी अण्णांना पाठवला. माझे वडील फोटोला अंगठा देत नाहीत, फोन करतात. त्यांनी झेंडूचा भाव विचारला, थंडी किती आहे ते विचारलं आणि मग म्हणाले, "मागच्या पेटीतलं त्याल बगितलंस का?"

मी म्हणालो, "हो."

बघितलं नव्हतं. त्या एका 'हो'ची ही गोष्ट आहे.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगतो. शहराच्या उत्तरेला, सोअर नदीच्या अंगाला एका वयस्कर शेतकऱ्याचं एक मोकळं कुरण आहे. आपल्या मुलांचे खेळ, संक्रांतीचे पतंग, उन्हाळी सहल हे सगळं आपण तिथंच करतो. मुलं त्यांना 'ट्रॅक्टर आजोबा' म्हणतात, मीही इथं तेच नाव वापरतो. ते आपल्याकडून भाडं घेत नाहीत. बोली इतकीच, की उन्हाळ्यात गवत आपण कापायचं. सुरुवातीला ते स्वतः सोबत असायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ट्रॅक्टरवर चढणं थांबलं. तेव्हा त्यांनी शेडची किल्ली माझ्या हातात दिली, कारण मंडळात शेतकऱ्याचा मुलगा म्हणून मीच प्रसिद्ध होतो.

टॉपर म्हणजे काय, तेही सांगतो. ट्रॅक्टरच्या मागे तीन ठिकाणी जोडलेला लोखंडी पत्र्याचा मोठा डबा, आणि त्याच्या पोटात आडवी गरगर फिरणारी जाड पाती. लॉनमॉवरचा दांडगट थोरला भाऊ म्हणा. लॉनमॉवर हिरवळ सारखी करतो, टॉपर गुडघाभर वाढलेलं गवत, काटेरी थिसल, डॉक असलं रानटी पीक झोडपून काढतो. थिसल आणि डॉक ही नावं इथल्या १९५९ च्या तणविषयक कायद्यातसुद्धा आहेत, त्यामुळे कुरण असंच सोडून देणं हा शेजाऱ्यांशी भांडणाचा विषय होऊ शकतो.

ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूनं एक दांडा बाहेर येतो, त्याला पीटीओ म्हणतात. तो मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. हा दांडा आडवा फिरतो, पण पाती फिरवायला उभा दांडा लागतो. आडव्याचं उभं करायचं काम टॉपरच्या डोक्यावर बसवलेली ओतीव लोखंडाची पेटी करते. आत तिरप्या दातांची दोन चाकं एकमेकांत अडकलेली असतात. तीच ती गिअरबॉक्सची पेटी. तिच्यात जेमतेम सव्वा लिटर तेल मावतं. सगळी गंमत आणि सगळा घोटाळा त्या सव्वा लिटरात आहे, कारण ते बाहेरून दिसत नाही. डिझेल संपलं तर ट्रॅक्टर थांबतो. पेटीतलं तेल संपलं तर टॉपर थांबत नाही. तो कापत राहतो, आणि आतल्या आत स्वतःला खात राहतो.

हे मला माहीत नव्हतं असं मुळीच नाही. माझं गाव सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात, कृष्णाकाठी. किर्लोस्करवाडी सायकलच्या अंतरावर. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली तिथं माळावर कारखाना उभा केला आणि लोखंडी नांगर बनवले. त्यामुळे आमच्या पंचक्रोशीत शेतकऱ्याच्या घरात पान्यांचा संच असणं नवलाचं नाही. अण्णांचा ट्रॅक्टरही मॅसीच, १०३५. इथल्या ट्रॅक्टर आजोबांचा १३५. दोघं नात्यानं चुलतभाऊच. १३५ हा इथून पाऊण तासावर कॉव्हेंट्रीला बॅनर लेनच्या कारखान्यात बनला. त्याच कारखान्यात १९४६ पासून हॅरी फर्ग्युसनचे छोटे करडे ट्रॅक्टर बनायला लागले आणि पाच लाखांहून अधिक बनले. मागची अवजारं तीन ठिकाणी जोडून हायड्रॉलिकनं उचलायची पद्धत त्यानंच रूढ केली. आज पलूसमध्ये रोटाव्हेटर जोडताना जी लिंकेज वापरतात, ती त्याचीच. १९६० साली मद्रासला टॅफे कंपनी निघाली, तिनं मॅसी फर्ग्युसनशी सहकार्य करून तिकडे ट्रॅक्टर बनवायला घेतले, आणि तो लाल रंग आमच्या उसात आला. ट्रॅक्टर आजोबांनी पहिल्यांदा शेडचं दार उघडलं तेव्हा डिझेल, ग्रीस आणि वाळक्या गवताचा एकत्र वास आला आणि मी क्षणभर गावच्या गोठ्याशेजारी उभा होतो.

आमच्याकडे खंडेनवमीला सकाळपासून कामाला सुट्टी. नांगर, कुळव, कोयते, विळे, पाने सगळं अंगणात येतं. धुऊन पुसून मांडलं जातं. अण्णांच्या लहानपणी बैलगाडीच्या कण्याला वंगण घालायचं, ट्रॅक्टर आल्यावर ग्रीसगन आली. आई कुंकवाची वाटी घेऊन उभी असायची आणि अण्णा अजून ट्रॅक्टरखाली पडलेले असायचे. "अहो, मुहूर्त जातोय," असं ती दोनदा म्हणायची. आतून उत्तर यायचं, "आदी त्याल, मग कुक्कू." लहानपणी मला तो त्यांचा हट्टीपणा वाटायचा. पुढे मी इंजिनिअर झालो, संगणकावर बसलो आणि यंत्राला हात लावायची सवय सुटली. राहिली ती फक्त माळ आणि कुंकू.

आता यंदाच्या जुलैकडे येतो. मुलांच्या खेळांच्या आदल्या शनिवारी मी गवत कापत होतो. तासाभरानं मागून एक नवा आवाज यायला लागला. पात्यांचा घों-घों नेहमीचाच, पण त्यात एक बारीक, उंच, रडका सूर मिसळला होता. मी दोन फेऱ्या अजून मारल्या, कारण दोनच राहिल्या होत्या. हा माझा दुसरा गुन्हा. मग जळकट, गंधकासारखा वास आला. उतरून पाहिलं तर पेटीवर पडलेल्या वाळक्या गवतातून धूर निघत होता.

इंजिन बंद करण्याआधी मी फोनवर तो आवाज टिपला होता. तो अण्णांना पाठवला. तिकडे संध्याकाळ झाली होती. लगेच फोन आला. "बंद केलास न्हवं? पेटी कोरडी हाय. दसऱ्याला बगितलं म्हनालास की?"

मी म्हणालो, "बघितलं होतं अण्णा, मधे सील गेलं असणार."

सील गेलंच होतं, हे नंतर निघालं. म्हणजे योगायोगानं माझं दुसरं खोटं अर्धं खरं ठरलं.

ओळखीचा एक शेतीयंत्रांचा मेकॅनिक आला. त्यानं टॉपर उलटा टांगून पाती काढली. पेटीच्या खालून जो उभा दांडा बाहेर येतो, तिथं तेल अडवायला रबराचं सील असतं. त्या सीलपाशी दांड्याला गुंडाळलेला एक गठ्ठा निघाला. मेकॅनिकनं तो चाकूनं कापून माझ्या हातात दिला. गवत नव्हतं, बेलची सुतळीही नव्हती. नायलॉनचा दोरा होता, हिरवा आणि गुलाबी.

मंडळी, तो आपला होता. जानेवारीत तिळगूळ वाटून त्याच कुरणात आपण पतंग उडवले. तुटलेला दोरा गवतात राहिला. वसंतात गवत त्याच्यावर वाढलं, पात्यांनी तो ओढून घेतला, तो दांड्याला घट्ट बसत गेला आणि त्यानं सीलची ओठासारखी कड कापली. मग प्रत्येक कापणीला थोडंथोडं तेल गवतात गळत राहिलं. गवतात गळलेलं तेल कोणाला दिसणार? जमीन ओली, पाती गवतानं माखलेली. पुढच्या संक्रांतीला दोरा गोळा करायला एक जण नेमायचा आणि नायलॉनऐवजी सुती दोराच आणायचा, हे मी या लेखातून जाहीरपणे मागतो आहे.

पण दोरा सगळ्यांचा असला तरी तपासणं एकट्या माझं होतं. पेटीच्या कुशीत एक छोटा प्लग असतो. पाना लावायचा, प्लग काढायचा, भोकाच्या कडेपर्यंत तेल दिसलं तर ठीक. एक पाना आणि एक मिनिट. मे महिन्यात पहिल्या कापणीआधी ते केलं असतं, नंतर दर आठ-दहा तासांच्या कामामागे केलं असतं, तर दोऱ्यानं एका सीलपलीकडे नुकसान केलं नसतं. दोन हंगामांत मी तो प्लग एकदाही काढला नव्हता.

आतून निघालं ते चहाच्या कपभर, काळं, आणि उन्हात धरलं तर चांदीसारखं चमकणारं. ती चमक म्हणजे बेअरिंगचा चुरा. खालचं बेअरिंग गेलं होतं. दातांना खड्डे पडले होते, पण मेकॅनिकच्या मते ते चालण्यासारखे होते. नवी पेटी घ्यावी लागली असती तर चारशे पौंडांच्या घरात गेलं असतं. बेअरिंग, सील आणि मजुरीवर निभावलं, ते मी भरले. मुलांचे खेळ अर्ध्या कापलेल्या कुरणात झाले. पोत्यांच्या शर्यतीत मुलं गवतात अडकून पडली आणि त्यांना त्यातच जास्त मजा आली, ही गोष्ट वेगळी.

ट्रॅक्टर आजोबांना सांगणं अवघड गेलं. काठी टेकत ते शेडमध्ये आले. मी सगळं सांगितलं, म्हणजे दोऱ्याचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि शेडचं दार आतून लावलं. दाराच्या मागच्या फळीवर पेन्सिलनं लिहिलेल्या तारखांची एक लांब रांग होती. सगळ्यात वरची १९८७ च्या ऑक्टोबरची. दर वर्षी एक ओळ: तारीख, आणि 'तेल' अशा अर्थाचा एक शब्द. त्यांच्या पत्नी गेल्या त्या वर्षीचीही ओळ होती, फक्त नोव्हेंबरची. शेवटच्या दोन वर्षांच्या जागा कोऱ्या होत्या. ते काहीच बोलले नाहीत. खिळ्याला सुतळीनं बांधलेली पेन्सिल त्यांनी थोडी सरळ केली, इतकंच.

इथले शेतकरी ऑक्टोबर का निवडतात? कारण तेव्हा गवताची वाढ मंदावते, कापणी संपते आणि अवजार हिवाळाभर शेडमध्ये उभं राहणार असतं. जुन्या तेलात ओल आणि चुरा असतो. तो पाच महिने दातांवर आणि बेअरिंगवर बसून राहिला की गंज चढतो. म्हणून तेल बदलून मगच यंत्र झोपवायचं. आपल्याकडे पाऊस संपतो, पेरणीची धांदल सरते आणि रब्बीच्या आधी अवजारं अंगणात येतात, तोही अश्विनच. दोन्हीकडच्या शेतकऱ्यांनी एकच पंधरवडा निवडला आहे. एकानं फळीवर तारीख लिहिली, एकानं कुंकू लावलं.

यंदा खंडेनवमी मधल्या वारी आली, म्हणून आम्ही लगतच्या शनिवारी गेलो. बेअरिंग बदलल्यावर उरलासुरला चुरा धुऊन निघावा म्हणून थोड्या कामानंतर तेल पुन्हा बदलावं, असं मेकॅनिकनं बजावलं होतंच. सोबत माझी चौदा वर्षांची मुलगी होती. तेरा वर्षांखालच्या मुलाला शेतीकामात ट्रॅक्टरवर बसू देणं इथं बेकायदा आहे. आम्ही गावी मडगार्डवर बसूनच मोठे झालो, पण कायदा बरोबर आहे. आमच्या शेजारच्या वस्तीवर मळणी यंत्राच्या शाफ्टमध्ये एका गड्याचा टॉवेल अडकला आणि हात गेला. तेव्हापासून अण्णा यंत्राला हात लावण्याआधी इंजिन बंद करून किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकतात. सेकंदाला नऊ फेरे. ओढणी, मफलर, सैल बाही यांना सोडवून घ्यायला वेळ मिळत नाही.

ज्यांच्याकडे असं यंत्र आहे, किंवा गावी भावाकडे रोटाव्हेटर आहे, त्यांच्यासाठी आम्ही काय केलं ते क्रमानं सांगतो.

आधी टॉपर पाच-दहा मिनिटं मोकळा फिरवला. गार तेल मधासारखं घट्ट असतं, कोमट झालं की चुऱ्यासकट बाहेर येतं. मग टॉपर सपाट जमिनीवर टेकवला, इंजिन बंद, किल्ली माझ्या खिशात, पीटीओचा शाफ्ट काढून बाजूला. यंत्र उचलून खाली जायची वेळ आलीच तर खाली लाकडाचे ठोकळे किंवा स्टँड हवेतच. नुसत्या हायड्रॉलिकच्या भरवशावर कधीही खाली जाऊ नये, ते हळूहळू उतरतं.

प्लगभोवतीची माती तारेच्या ब्रशनं साफ केली, नाहीतर प्लग काढताच तीच माती आत जाते. मग आधी वरचा, तेल भरायचा प्लग सैल केला. हा क्रम महत्त्वाचा आहे. तेल आधी काढून टाकलं आणि नंतर भरायचा प्लग गंजून अडकला असं कळलं, तर रिकामी पेटी घेऊन बसावं लागतं.

आमच्या पेटीला तळाशी निचऱ्याचा प्लगच नाही. पुष्कळ टॉपरांना तो नसतो, कारण तळातून दांडा जातो. मग वरच्या भोकातून नळी घालून हातपंपानं तेल ओढून घ्यायचं. हे काम मुलीनं केलं. निघालेलं तेल पांढऱ्या डब्यात घेतलं, म्हणजे रंग दिसतो. नुसतं काळं असेल तर जुनं झालं. दुधट असेल तर आत पाणी गेलं आहे. कण चमकत असतील तर दात किंवा बेअरिंग झिजतंय. काठीला चुंबक बांधून तळाशी फिरवलं. त्याला राखाडी, लोण्यासारखा मऊ लेप आला. तो नेहमीचा. तुकडे किंवा कपच्या आल्या असत्या तर काळजी.

नवं तेल पुस्तिकेत लिहिलं होतं तेच, ई.पी. ८०-डब्ल्यू-९०. गावाकडे दुकानात 'नव्वद नंबर' म्हणून मागतात. ई.पी. म्हणजे प्रचंड दाबाखालीही दातांमध्ये पापुद्रा टिकवणारं. त्यासाठी त्यात गंधकाची द्रव्यं असतात, जुलैत आलेला वास त्याचाच. इंजिन ऑईल उरलंय म्हणून ते इथं ओतू नये. तेल सावकाश भरलं, मधे थांबलो, ते बसू दिलं, मग पुन्हा भरलं. कुशीतल्या भोकातून पहिला थेंब ओघळला की थांबायचं. काठोकाठ भरणं ही काटकसर नव्हे आणि काळजीही नव्हे. तेल तापून फुगतं, जागा नसेल तर सीलमधूनच बाहेर पडतं. पेटीवर हवा जायला एक बारीक छिद्राचा प्लग असतो, तो गवतानं बुजला तरी हेच होतं. तो फुंकून साफ केला. शेवटी सगळ्या निपलांना ग्रीस.

जुनं तेल झाकणाच्या कॅनमध्ये भरून नगरपालिकेच्या पुनर्वापर केंद्रावर नेऊन दिलं. गावी आम्ही ते कुंपणाच्या खांबांना फासायचो. इथं सोअर दोन शेतं पलीकडे आहे, मातीत ओतायचं नाही.

हे सगळं चालू असताना मुलीनं विचारलं, "बाबा, हे इतकं सोपं आहे तर मागच्या वर्षी का नाही केलं?"

"वेळ नव्हता."

"पण पूजा केलीस. आणि आजोबांना तर तू सांगितलंस की तेल बघितलं. मी तिथंच होते." मग पंप पुसत ती म्हणाली, "म्हणजे तू खोटं बोललास." तिच्या आवाजात राग नव्हता. ती फक्त नोंद करत होती.

अण्णांना मी जन्मात कधी 'तू' म्हटलेलं नाही आणि त्यांच्यासमोर कधी चूक कबूल केल्याचंही आठवत नाही. दोन्हींचा संबंध असेल किंवा नसेल. पण हा लेख लिहायला घेतला तेव्हा एक अडचण उभी राहिली. आपल्या अंकाची प्रत माझा पुतण्या दर वर्षी अण्णांना मोठ्यानं वाचून दाखवतो. त्यांना हे पुतण्याच्या तोंडून कळणं बरं नव्हतं. म्हणून लेख पाठवायच्या आदल्या रविवारी मी फोन केला आणि सांगून टाकलं. दसऱ्याला तेल बघितलं नव्हतं. जुलैतही खोटंच बोललो.

पलीकडे थोडा वेळ फक्त पंख्याचा आवाज आला. मग अण्णा म्हणाले, "म्हाईत हुतं."

"कसं?"

"फोटूत दिसत हुतं की. पेटीच्या कुशीला प्लगावर वाळल्या गवताचा थर हुता, बोटभर. प्लग काढला असता तर थर ऱ्हाईला असता व्हय?"

मी तो जुना फोटो काढून मोठा करून पाहिला. झेंडूच्या माळेच्या बरोबर खाली, वाळून कडक झालेला, पिवळट थर. गटावर इतक्या जणांनी फोटो पाहिला, पण पेटीकडे बघणारा माणूस पलूसमध्ये होता.

"मग तेव्हाच का नाही बोललात, अण्णा?"

"इचारलं न्हवं का मी? तू हो म्हनालास." जरा थांबून ते म्हणाले, "यंदाचा फोटू कुटं हाय?"

यंदाचा फोटो मुलीनं काढला होता. त्यात मी नाही. पेटी आहे, पुसलेला प्लग आहे, त्याच्याखाली तेलाचा एक ओघळ आहे, आणि वर कुंकवाचं एक बोट. दाराच्या फळीवरची नवी ओळही मुलीनंच लिहिली, इंग्रजी तारीख आणि तिच्यापुढे मराठीत 'तेल'. ट्रॅक्टर आजोबांनी त्याचा उच्चार विचारला आणि दोन-तीनदा म्हणून पाहिला.

फोटो अण्णांना पाठवला आहे. अजून फोन आलेला नाही. तिकडे ऊसतोडीची तयारी चालू असेल.